फोटोचं रूप कशावर ठरतं? सेन्सर आणि लेन्स समजून घेताना

नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: फुल फ्रेम घेऊ का? त्यामागे मनात बसलेला एक फोटो असतो. चेहरा लख्ख, डोळे धारदार आणि मागचं सगळं मऊसूत विरघळलेलं. फुल फ्रेमसारखा मोठा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, घेतला की फोटो तसे येतात, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्या समजापायी लोक चुकीच्या वस्तूवर भरपूर पैसे घालवतात.

फोटोचं रूप मुख्यतः दोन मापांवर ठरतं. तुम्ही विषयापासून किती मीटरवर उभे आहात हे पहिलं, आणि तुमच्या लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मिलिमीटर रुंद आहे हे दुसरं. या दोन मापांशी खेळायला किती वाव मिळेल, हे सेन्सर ठरवतो. हे एकदा नीट उमगलं की कॅमेऱ्यांच्या जाहिराती आणि आकड्यांचं जंजाळ बरंच सुटसुटीत होतं. कॅमेरा हाताशी असेल तर वाचता वाचता करून बघा. सोबत आलेली किट लेन्स पुरेशी आहे.

पायरी १: आपला सेन्सर ओळखा

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते शोधा. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. हे माप फिल्मच्या काळातलं आहे. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवणारा छोटा कॅमेरा घडवला, १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला आणि पुढे हीच चौकट प्रमाण मानली जाऊ लागली. त्याखालोखाल एपीएस-सी. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत तो सुमारे २३.५ × १५.६ मिमी असतो, कॅननमध्ये किंचित लहान, २२.३ × १४.९ मिमी. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. '१ इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा असतो, त्यामुळे इंचांतल्या आकड्यांवर विसंबू नका, मिलिमीटरच बघा. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यामागे साधारण १० × ७.५ मिमीचा सेन्सर सापडतो, त्याच मोबाइलच्या इतर लेन्सांमागे बहुतेक वेळा त्याहून लहान. वरच्या टोकाला मीडियम फॉरमॅट: फुजीफिल्मच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत ४३.८ × ३२.९ मिमी.

आता क्रॉप फॅक्टर. फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी आहे. त्याला आपल्या सेन्सरच्या कर्णाने भागलं की क्रॉप फॅक्टर मिळतो. एपीएस-सीसाठी १.५ (कॅननसाठी १.६), मायक्रो फोर थर्ड्ससाठी २, १ इंचीसाठी २.७, मोठ्या सेन्सरच्या मोबाइलसाठी साधारण ३.५. आपला आकडा पाठ करून टाका, पुढे तो वारंवार लागणार आहे.

पायरी २: चौकटीत किती मावतं ते बघा

फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, हा लेन्सचा स्वतःचा गुण आहे. ५० मिमीची लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर चढवली तरी ५० मिमीचीच राहते. लेन्स आत एक गोल प्रतिमा पाडते आणि सेन्सर त्या गोलातला आपल्या मापाचा आयत उचलतो. सेन्सर लहान असेल तर उचललेला तुकडा लहान आणि दृश्यही अरुंद. ५० मिमीच्या लेन्समधून फुल फ्रेमवर आडवं सुमारे ४० अंशांचं दृश्य मिळतं, एपीएस-सीवर २७ अंशांचं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २० अंशांचं.

हाच हिशेब उलटा करू. तिन्हींवर सारखीच चौकट हवी असेल तर फुल फ्रेमला ५०, एपीएस-सीला ३३ आणि मायक्रो फोर थर्ड्सला २५ मिमीची लेन्स लागेल. '५० ची लेन्स क्रॉप सेन्सरवर ७५ ची होते' असं सर्रास म्हणतात. चौकटीपुरतं ते बरोबर आहे, पण मागची धूसरता आणि प्रकाश यांचा हिशेब त्या वाक्यात येत नाही. तो पुढे करू.

हात हलून फोटो पुसट येऊ नये म्हणून शटर स्पीडचा जुना ठोकताळाही याच दृश्यकोनावर बेतलेला आहे. फोकल लेंथला क्रॉप फॅक्टरने गुणा आणि शटर सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाहून धीमा ठेवू नका. एपीएस-सीवर ५० ची लेन्स असेल तर सेकंदाचा ऐंशीवा भाग. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर बरीच सूट मिळते, पण ती फक्त तुमच्या हाताच्या हालचालीला. समोर पळणारं मूल त्याने थांबत नाही.

पायरी ३: लेन्सला हात लावण्याआधी पाय हलवा

इथे सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून इथे थोडं थांबू.

'वाइड लेन्स चेहरा विद्रूप करते' आणि 'टेली लेन्स पार्श्वभूमी जवळ ओढते' ही दोन वाक्यं तुम्ही ऐकली असतील. वाइड म्हणजे छोट्या फोकल लेंथची लेन्स, टेली म्हणजे लांब. दोन्ही परिणाम खरे आहेत, पण ते अंतरामुळे होतात. वाइड लेन्स लावली की चौकट भरण्यासाठी आपण जवळ जातो, टेली लावली की मागे सरतो. वस्तूंची एकमेकांच्या तुलनेतली मापं ठरतात ती या सरकण्यामुळे.

करून बघा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एक कॅमेऱ्यापासून १ मीटरवर ठेवा, दुसरी तिच्या मागे आणखी २ मीटरवर, जरा बाजूला. १८-५५ ची किट लेन्स १८ वर ठेवून फोटो काढा. मागची बाटली पुढचीच्या एक तृतीयांश उंचीची दिसेल, कारण ती तिप्पट दूर आहे. आता बाटल्या तशाच ठेवून तुम्ही मागे सरका, पुढची बाटली ३ मीटरवर येईपर्यंत. लेन्स ५५ वर आणा. पुढची बाटली जवळपास पहिल्याएवढीच दिसेल. मागची मात्र आता ५ मीटरवर आहे, म्हणजे पुढचीच्या तीन पंचमांश उंचीची. तिचं दिसणारं माप जवळजवळ दुप्पट झालं, आणि 'पार्श्वभूमी जवळ आली' म्हणतात ते हेच.

आता त्याच जागेवरून, पाय न हलवता, लेन्स पुन्हा १८ वर करून तिसरा फोटो काढा. संगणकावर त्याचा मधला भाग कापून ५५ वाल्या फोटोएवढा करा. दोन्ही शेजारी ठेवले की बाटल्यांचं प्रमाण तंतोतंत सारखं दिसेल. तपशील कमी असेल, मागचं थोडं अधिक स्पष्ट असेल, पण प्रमाण तेच. लेन्सने फक्त चौकट कापली.

चेहऱ्याचंही असंच. नाकाचं टोक आणि कान यांच्यात खोलीचं अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरू. ४० सेंटिमीटरवरून सेल्फी काढला तर नाक ४० वर आणि कान ५२ वर, म्हणजे नाक कानाच्या तुलनेत जवळपास ३० टक्के मोठं दिसणार. २ मीटरवरून काढलं तर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी चांगली, असं फुल फ्रेमवाले सांगतात त्याचं मूळ हेच आहे. त्या लेन्सने डोकं-खांदे चौकटीत बसवायचे तर माणूस आपोआप दीड-दोन मीटर मागे उभा राहतो. तेवढ्या अंतरावरून मोबाइलने काढून कापलेल्या फोटोतही नाक तितकंच नेमस्त दिसेल.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. आधी डोळ्यांनी बघत पुढे-मागे व्हा आणि पुढची वस्तू व मागचं दृश्य यांचं नातं जिथून पटेल तिथे थांबा. त्यानंतर तिथून हवी तेवढी चौकट देणारी फोकल लेंथ निवडा. झूम लेन्सवाल्यांना ही सवय विशेष लावून घ्यावी लागते, कारण जागेवर उभं राहून झूम फिरवणं फार सोपं असतं.

एक अपवाद लक्षात असू द्या. फार वाइड लेन्स चौकटीच्या कडांना वस्तू खरोखर ताणते. सरळ रेषा सरळ ठेवण्याची ती किंमत आहे. फुल फ्रेमच्या हिशेबात २४ मिमी किंवा त्याखालच्या लेन्सने समूहाचा फोटो काढताना टोकाला कुणाला उभं करू नका, त्यांची डोकी लांबट येतात.

पायरी ४: छिद्र मिलिमीटरमध्ये मोजा

पार्श्वभूमीच्या धूसरपणाची सगळी चर्चा एफ-नंबरात चालते. नवख्याला त्याने गोंधळायलाच होतं, कारण एफ-नंबर हे गुणोत्तर आहे. फोकल लेंथ भागिले एफ-नंबर केलं की लेन्समध्ये समोरून डोकावल्यावर दिसणाऱ्या छिद्राची रुंदी मिळते, आणि दूरच्या पार्श्वभूमीचं भवितव्य त्या रुंदीवर ठरतं.

किट लेन्सचंच बघा. १८ मिमीला एफ/३.५ म्हणजे छिद्र ५ मिमी. ५५ मिमीला एफ/५.६ म्हणजे जवळपास १० मिमी. एफ-नंबर वाढला, तरी छिद्र दुप्पट झालं. म्हणूनच त्या 'मंद' टोकाला पार्श्वभूमी जास्त विरघळते. ५० मिमी एफ/१.८ चं छिद्र २८ मिमी, ८५ मिमी एफ/१.८ चं ४७ मिमी, २०० मिमी एफ/२.८ चं ७१ मिमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण ७ मिमी असते. एफ/१.८ ऐकायला दणदणीत वाटतं, पण छिद्र ४ मिमी.

या रुंदीचा एक फार उपयोगी गुण आहे. तुम्ही चेहऱ्यावर फोकस केलाय आणि मागे खूप दूर एक दिवा आहे. फोटोत त्या दिव्याचा जो गोल उमटतो, तो चेहऱ्याच्याच मापात मोजला तर बरोबर छिद्राएवढा भरतो. ८५ मिमी एफ/१.८ ने काढलेल्या फोटोत ४७ मिमीचा, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. मोबाइलमध्ये ४ मिमीचा, डोळ्याच्या बुबुळाच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढा. या गणितात सेन्सर कुठेही येत नाही. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड खोलीचा अंदाज बांधून ही धूसरता नंतर तयार करतो, आणि केसांच्या सुट्या बटा किंवा चष्म्याच्या काड्यांपाशी तो अंदाज चुकला की फोटो लगेच खोटा वाटू लागतो.

पार्श्वभूमी जवळ असेल तर गोल लहान होतो. माणूस तुमच्यापासून २ मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे २ मीटरवर असेल तर गोल छिद्राच्या निम्मा. भिंत ६ मीटर मागे असेल तर पाऊण. नवी लेन्स घेण्याआधी माणसाला भिंतीपासून पुढे आणा, हा सल्ला मी सगळ्यांना देतो, कारण त्याइतका फरक एवढ्या कमी कष्टात दुसऱ्या कशाने पडत नाही. आणि तुम्हीही जवळ जा. जवळ गेल्याने चौकटीत मावणारा भाग लहान होतो, त्यामुळे तेच १० मिमी चौकटीत मोठे दिसतात.

मग सेन्सरचा संबंध येतो कुठे? पायरी २ आठवा. सेन्सर मोठा असेल तर तेवढ्याच चौकटीला लांब फोकल लेंथ लागते, आणि त्याच एफ-नंबरला लांब लेन्सचं छिद्र मोठं असतं. तिन्ही सेन्सरांवर सारखी चौकट, सगळीकडे एफ/२ आणि माणूस २ मीटरवर, असं धरू. फुल फ्रेमवर ५० मिमीने स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, सुमारे १९ सेंटिमीटर भरते. एपीएस-सीवर ३३ मिमीने २९ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमीने ३८. आकडे क्रॉप फॅक्टरच्याच पटीत वाढत गेलेत.

त्यामुळे तुलना करताना फोकल लेंथ आणि एफ-नंबर दोन्ही क्रॉप फॅक्टरने गुणा. एपीएस-सीवरची ५६ मिमी एफ/१.२ ही फुल फ्रेमवरच्या ८५ मिमी एफ/१.८ सारखीच चौकट आणि तशीच धूसरता देते. दोघींची छिद्रं ४७ मिमीच्या आसपास आहेत. म्हणून त्या वजनालाही एकमेकींपासून फार लांब नसतात. लहान सेन्सरचा कॅमेरा घेतला की सगळंच हलकं होतं असं नाही. तेवढंच छिद्र हवं असेल तर तेवढी काच वागवावीच लागते.

पायरी ५: प्रकाशाचा हिशेब

एफ/२.८, सेकंदाचा साठावा भाग, आयएसओ (फोटो किती उजळायचा तो आकडा) १६००. ही जुळणी कुठल्याही सेन्सरवर सारख्याच उजेडाचा फोटो देते. फरक एकूण गोळा झालेल्या प्रकाशात असतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, मायक्रो फोर थर्ड्सचं २२५, म्हणजे जवळपास चौपट प्रकाश, दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एपीएस-सी या दोहोंच्या मधे कुठेतरी, फुल फ्रेमहून सव्वा स्टॉप मागे. प्रकाश मुळात कणाकणाने येतो, त्यामुळे त्यात नैसर्गिक चढउतार असतात. कण चौपट झाले की चढउतार त्यांच्या तुलनेत निम्मे उरतात. संध्याकाळच्या सावल्यांत दिसणारा खरखरीत दाणेदारपणा, म्हणजेच नॉइज, बराचसा यातूनच येतो.

याची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा तुम्हाला जास्त भाग स्पष्ट हवा आहे आणि शटर स्पीड कमी करता येत नाही. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४, आयएसओ १६०० चालेल. तेवढीच खोली फुल फ्रेमवर मिळवायला एफ/८ आणि आयएसओ ६४०० लागेल. मग नॉइजही जवळपास सारखाच. मोठ्या सेन्सरची आघाडी तुम्ही मोठं छिद्र वापराल तेव्हाच मिळते, किंवा ट्रायपॉडवर सावकाश प्रकाश साठवाल तेव्हा. फुलं-किडे जवळून टिपणाऱ्यांना, लांब टेलीने पक्षी काढणाऱ्यांना लहान सेन्सर अनेकदा सोयीचा पडतो तो यामुळे.

छिद्र फार बारीक केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ होतो. फुल फ्रेमवर एफ/१६, एपीएस-सीवर एफ/११ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ च्या पुढे कारणाशिवाय जाऊ नका.

पायरी ६: लेन्स निवडताना

आधी तुमच्याच जुन्या फोटोंकडे बघा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते आणि बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये तिच्यानुसार फोटो वेगळे काढता येतात. आवडलेले पन्नासेक फोटो निवडा आणि ते कुठल्या आकड्याभोवती गोळा होतात ते पाहा. बरेच १८ वर साठले असतील तर तुम्हाला विस्तार हवा आहे, ५५ वर असतील तर आणखी लांबची लेन्स. आकडा सापडला की त्याच्या जवळची एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्या. माझ्या मते किट लेन्सनंतरची योग्य खरेदी हीच, कॅमेऱ्याची बॉडी बदलणं नव्हे.

आजूबाजूचं दैनंदिन जीवन टिपायला एपीएस-सीवर २३ किंवा २४ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सवर १७, फुल फ्रेमवर ३५. सगळ्याला चालणारी एकच हवी असेल तर अनुक्रमे ३५, २५ आणि ५०. चेहऱ्यांसाठी ५० ते ५६, ४२.५ ते ४५ आणि ८५. ५० मिमी एफ/१.८ जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असते आणि बहुधा सर्वांत परवडणाऱ्या लेन्सांपैकी एक असते. एपीएस-सीवर ती छान पोर्ट्रेट लेन्स होते, पण लहान खोलीत तिने चौघांना चौकटीत बसवताना पाठ भिंतीला टेकेल.

फुल फ्रेमची लेन्स त्याच माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) एपीएस-सी कॅमेऱ्यावर निर्धास्त लावा. उलट केलं तर लहान सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्सचा गोल अपुरा पडतो आणि कोपरे काळे येतात. बरेच कॅमेरे अशा वेळी आपोआप मधला भागच वापरतात, पण मग २४ मेगापिक्सेलमधले साडेदहाच हाती उरतात. पुढे फुल फ्रेमकडे जायचा विचार पक्का असेल तरच आत्तापासून त्या लेन्स घ्या. नसेल तर आपल्या सेन्सरसाठी बनवलेली हलकी लेन्स जास्त वेळा बॅगेतून बाहेर येईल.

दुकानात लेन्स हातात आली की तीन गोष्टी तपासा. ती किती जवळ फोकस करते? पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चौकटीच्या कोपऱ्यात दूरचे दिवे गोल राहतात की लिंबाच्या फोडीसारखे चपटतात? आणि उजेडासमोर धरल्यावर चित्र कितपत फिकं पडतं? धारदारपणाचे तक्ते घरी बसून वाचता येतात, या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांनी बघाव्या लागतात. मेमरी कार्ड सोबत न्या, एकाच जागी उभं राहून दोन-तीन लेन्सांनी एफ/२.८ ला आणि पूर्ण उघड्या छिद्राला तोच फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून मगच ठरवा.